दंतरोगांतील आत्ययिक अवस्था : ओळख, प्राथमिक उपचार व आपली मर्यादा

शालाक्यतंत्रातील मुखरोगांचे प्रकरण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेले असते. परीक्षा संपल्यावर मात्र ते बहुधा ग्रंथातच राहते. प्रत्यक्ष व्यवसायात दाताचा रुग्ण आला की लवंगतेलाचा बोळा, त्रिफळा क्वाथाचे गंडूष आणि वेदनाशामक गोळी एवढ्यावर आपण त्याची बोळवण करतो. बहुसंख्य रुग्णांचे यात तात्पुरते भागतेही. परंतु दर काही महिन्यांनी एखादा रुग्ण असा येतो की, ज्याचा दात वाचणे अथवा न वाचणे पहिल्या अर्ध्या तासात ठरते. आणि क्वचित असाही येतो की ज्याच्या प्राणांचा प्रश्न असतो. त्या रुग्णास इतरांतून वेगळा काढता यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी दंत महाविद्यालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर पडते. मुखेड, देगलूर, जळकोट, देवणी या बाजूच्या खेड्यांतून निघालेल्या रुग्णासही रात्रीच्या वेळी शहर गाठणे सोपे नसते. अशा ठिकाणी रुग्णाची पहिली भेट गावातील वैद्याशी अथवा औषधी दुकानदाराशी होते. म्हणून पहिल्या तासाची जबाबदारी आपलीच आहे, असे आम्ही मानतो.

१. शास्त्रीय पार्श्वभूमी

सुश्रुताचार्यांनी मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांत दंतमूलगत १५ व दंतगत ८ रोग आहेत. आत्ययिक दृष्टीने पाहता यांतील काही वर्णने आजच्या निदानाशी विलक्षण जुळतात. हनूच्या शेवटच्या दाताजवळ मोठा शोथ, तीव्र वेदना व लालास्राव हे ‘अधिमांसा’चे लक्षण अक्कलदाढेभोवतीच्या तीव्र शोथाचेच चित्र उभे करते. अभिघाताने हिरड्यांस सूज येऊन दात हलू लागणे म्हणजे ‘वैदर्भ’. जबड्याचा सांधा निखळणे म्हणजे ‘हनुमोक्ष’. वाग्भटाने वर्णिलेला ‘दंतविद्रधी’ आणि सुश्रुतोक्त ‘दंतनाडी’ या तर एकाच विकाराच्या दोन अवस्था म्हणता येतील.

चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेचा एक भाग आवर्जून पुन्हा वाचावा. तरुण व्यक्तीचा दात न तुटता हलला असेल व रक्त येत असेल, तर तो जागी दाबून बसवावा, बाहेरून शीत लेप द्यावा, संधानीय द्रव्ये योजावीत आणि कमळाच्या देठातून दूध प्यावयास द्यावे, असा तेथे उपदेश आहे. वृद्धाचा हललेला दात मात्र वर्ज्य सांगितला आहे. तरुणाचा दात वाचविण्यासाठी प्रयत्न करावा आणि जखमी दातावर चावण्याचा भार पडू देऊ नये, ही दोन्ही तत्त्वे आजही जशीच्या तशी लागू पडतात.

२. रुग्ण येताच विचारावयाचे तीन प्रश्न

तोंड उघडून दात पाहण्यापूर्वी पुढील तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

(अ) श्वास, गिळणे अथवा बोलणे यांत अडथळा आहे काय? असल्यास हा दाताचा रुग्ण राहिला नाही. तो तत्काळ रुग्णालयात जावयाचा रुग्ण आहे.

(आ) मार लागला असल्यास बेशुद्धी, उलटी, कानातून वा नाकातून रक्त अथवा पाणी, दुहेरी दिसणे यांपैकी काही झाले काय? असल्यास आधी डोके, मग दात.

(इ) मधुमेह, हृद्रोग, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भावस्था यांपैकी काही आहे काय? या उत्तरावर पुढील सर्व औषधयोजना अवलंबून राहते.

यास दोन मिनिटे पुरतात. ही दोन मिनिटे न दिल्यामुळे होणारे नुकसान मात्र पुष्कळदा भरून येत नाही.

३. मुळासकट निखळलेला दात

हातपंपाचा दांडा उसळून तोंडावर बसणे, विटी किंवा क्रिकेटचा चेंडू लागणे, दुचाकीवरून पडणे या कारणांनी मुलांचे पुढचे दात निखळतात. दात सापडला तर आई-वडील तो कोरड्या रुमालात अथवा कागदाच्या पुडीत बांधून आणतात. कोणी तो हळद लावून आणतात, कोणी घासूनपुसून स्वच्छ करून आणतात. आणि कित्येकदा तो घरीच टाकून दिलेला असतो.

दाताच्या मुळावर जिवंत तंतूंचे एक नाजूक आवरण असते. दात पुन्हा हाडाशी जुळणे या आवरणावर अवलंबून आहे. कोरड्या हवेत सुमारे अर्ध्या तासात त्यातील बहुतेक पेशी मृत होतात आणि तासाभरानंतर जवळपास काहीच उरत नाही. म्हणून येथे औषधापेक्षा घड्याळ महत्त्वाचे.

करावयाचे उपाय :

(१) दात नेहमी वरच्या पांढऱ्या भागास धरावा. मुळास बोट लावू नये.

(२) माती लागली असल्यास दूध अथवा सलाइनने अलगद धुवावा. घासू नये, साबण, हळद, जंतुनाशक लावू नये.

(३) कायमचा दात असेल, रुग्ण शुद्धीवर व सहकार्य करणारा असेल, तर दात योग्य दिशेने त्याच्या खोबणीत हलकेच बसवावा व स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावे. मागची बाजू पुढे होणार नाही याची शेजारच्या दातांवरून खात्री करावी.

(४) बसविणे जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवून पाठवावा. दूध नसल्यास रुग्णाची लाळ भांड्यात घेऊन तीत ठेवावा, अथवा सलाइन वापरावे. साधे पाणी हा शेवटचा पर्याय. तथापि कोरड्यापेक्षा तेही बरे.

(५) दुधाचा दात पुन्हा बसवू नये. त्याने खालच्या कायमच्या दाताच्या अंकुरास इजा होऊ शकते. साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी पुढचे दात बदलतात. त्यामुळे या वयात कोणता दात पडला हे नीट पाहावे. कायमच्या दाताची कड नवीन असताना करवतीसारखी असते, ही ओळखीची एक खूण.

(६) धनुर्वाताची लस झाली आहे काय ते पाहावे.

पुढे दंतवैद्य तो दात शेजारच्या दातांना सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतात व वाढ पूर्ण झालेल्या दाताच्या मुळावर नंतर उपचार करतात. तासाहून अधिक वेळ गेला असला तरी दात फेकून देऊ नये. निर्णय दंतवैद्यावर सोपवावा.

दात सापडतच नसेल तर तो हिरडीत आत रुतला, गिळला गेला की श्वासमार्गात गेला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मारानंतर सुरू झालेला खोकला अथवा घरघर असल्यास छातीचा क्ष-किरण आवश्यक आहे. दात अर्धवट तुटून मध्यभागी गुलाबी वा रक्ताळ ठिपका दिसत असेल तर मज्जा उघडी पडली आहे असे समजून त्याच दिवशी पाठवावे आणि तुटलेला तुकडाही बरोबर द्यावा.

४. तीव्र दंतशूल

थंड लागल्यावर क्षणभर कळ येऊन थांबते, ती अवस्था बहुधा परत फिरणारी असते. उलट गरम पदार्थाने वाढणारी, आपोआप सुरू होणारी, रात्री झोपू न देणारी व कधी कधी थंड पाण्याच्या चुळीने तात्पुरती शमणारी वेदना हे मज्जा कायमची बिघडल्याचे चिन्ह आहे. येथे मुळाचा उपचार अथवा दात काढणे याखेरीज स्थायी उपाय नाही. आणखी एक गोष्ट रुग्णास समजावून सांगावी : असह्य ठणका एकाएकी थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. मज्जा मृत झाल्यानेही वेदना थांबते आणि पूय मुळाच्या टोकाशी साचू लागतो.

प्राथमिक उपाय म्हणून कोमट पाण्याने खळखळून अडकलेले अन्नकण काढावेत आणि लवंगतेलात भिजवून पिळलेला लहान बोळा केवळ किडलेल्या खड्ड्यात ठेवावा. लवंगतेल हिरडीवर अथवा गालावर पसरल्यास तेथे दाह होऊन व्रण होतो. लहान मुलाच्या हाती बाटली कधीही देऊ नये; पोटात गेलेले लवंगतेल यकृतास घातक ठरू शकते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशेजारी दाबून ठेवण्याची चाल अजून आढळते. तिने गालाची त्वचा अक्षरशः भाजते. बिब्बा, बॅटरीचे पाणी, पेट्रोल, तंबाखूची गोळी यांबाबतही हेच. ग्रंथांत क्रिमिदंताच्या पूरणासाठी अर्कक्षीर व सप्तपर्णक्षीर यांचा उल्लेख आहे, परंतु ते कुशल वैद्याच्या हातचे कर्म आहे. घरगुती प्रयोग म्हणून ते कोणास सांगू नये.

५. दंतविद्रधी व मुखशोथ : सर्वांत मोठा धोका

या विषयावर लिहिण्याचे खरे कारण म्हणजे आमच्याच हातून झालेली एक चूक. एका मध्यमवयीन शेतकऱ्यास खालच्या दाढेच्या दुखण्याने गालावर सूज आली होती. आम्ही व्रणशोथाच्या सामान्य चिकित्सेस धरून बाहेरून उष्ण लेप व शेक दिला, पोटातून गुग्गुळकल्प दिले. दोन दिवस ठणका कमी वाटला. तिसऱ्या दिवशी सकाळी सूज हनुवटीखाली दोन्ही बाजूंस उतरलेली, जीभ वर उचललेली, आवाज घोगरा, लाळ गळत असलेली अशा स्थितीत तो आला. रक्तातील साखर त्याच दिवशी प्रथम तपासली गेली व ती फार वाढलेली निघाली. तत्काळ रुग्णालयात नेल्याने तो वाचला. शस्त्रक्रिया होऊन अनेक दिवस तेथे राहावे लागले. पहिल्या दिवशी साखर तपासली असती आणि शेक दिला नसता, तर कदाचित एक दाढ काढण्यावर निभावले असते. ही रुखरुख आम्हांस आजही आहे.

जिभेखालच्या व हनुवटीखालच्या जागेत दोन्ही बाजूंनी पसरणाऱ्या या शोथाचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये केले. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. खालच्या दाढा हे त्याचे सर्वांत नेहमीचे उगमस्थान. यात मृत्यू येतो तो प्रामुख्याने श्वासमार्ग बंद झाल्याने, आणि तो काही तासांतही येऊ शकतो.

पुढील चिन्हांपैकी एकही असल्यास औषध देऊन घरी पाठवू नये :

• हनुवटीखाली अथवा मानेत लाकडासारखी कठीण सूज
• तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडणे
• जीभ वर उचलली जाणे, लाळ गिळता न येणे
• आवाज बदलणे, आडवे झोपता न येणे, श्वासास त्रास
• वरच्या दाताच्या दुखण्यानंतर डोळ्याभोवती सूज, पापणी मिटणे, दृष्टीत फरक
• शोथासह थंडी वाजून ताप, ग्लानी अथवा भ्रम

अशा रुग्णास बसत्या स्थितीतच न्यावे, आडवे करू नये. तोंडाने काही खाण्यापिण्यास देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात उपलब्ध आहे. ‘श्वासाचा त्रास आहे’ हे शब्द दूरध्वनीवर स्पष्ट सांगावेत. नांदेडकडील रुग्ण विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरकडील रुग्ण विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, तर अंबाजोगाई जवळ पडत असल्यास तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात न्यावा. नुसत्या दंतचिकित्सालयात नेऊन वेळ दवडू नये.

गालावरील शोथास बाहेरून शेक देऊ नये. पूय उष्णतेकडे ओढला जाऊन त्वचेतून फुटू शकतो व चेहऱ्यावर कायमचा व्रण व नाडी राहते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आतून चालतात. बाहेरून शेक वर्ज्य. दाताशी संबंधित शोथ असलेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची रक्तशर्करा त्याच वेळी तपासावी, हा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळतो.

येथेच एक जोड द्यावी लागते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे अनेक रुग्ण राज्यात आढळले. त्यांतील कित्येकांचे पहिले लक्षण वरच्या जबड्यातील दुखणे अथवा एकाएकी हलू लागलेले दात हे होते. मधुमेही रुग्णाचे वरचे अनेक दात अचानक हलणे, टाळूवर काळसर डाग, गालास बधिरता, नाकातून काळपट स्राव यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे.

६. दात काढल्यानंतरचा रक्तस्राव

पहिला दिवसभर लाळेत गुलाबी छटा असणे स्वाभाविक आहे. तोंड रक्ताने भरत असेल तर मात्र उपचार हवा. स्वच्छ गॉजची घट्ट घडी नेमकी जखमेवर ठेवून अर्धा तास चावून धरावयास सांगावे. दर दोन मिनिटांनी उघडून पाहण्याचा मोह टाळावा. रुग्णास बसवून ठेवावे. थुंकू देऊ नये.

गंडूष व कवल ही आपली आवडती कर्मे. परंतु दात काढल्यानंतर पहिले चोवीस तास ती पूर्णतः वर्ज्य समजावीत. जखमेतील रक्ताची गुठळी हेच तेथील नैसर्गिक आवरण असते व चूळ भरल्याने ते निघून जाते. हळद, तुरटी, मिश्री जखमेत कोंबू नये. दोन वेळा अर्धा-अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल तर पाठवावे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांची चौकशी करावी. मात्र ही औषधे आपल्या अधिकारात बंद करू नयेत. हृदयात जाळी बसविलेल्या रुग्णात ती अचानक थांबविणे रक्तस्रावाहून अधिक घातक ठरू शकते.

दात काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेदना कमी होण्याऐवजी वाढली, कानाकडे जाऊ लागली, तोंडास दुर्गंध आला, तर गुठळी निघून हाड उघडे पडले असे समजावे. तंबाखू व धूम्रपान करणाऱ्यांत हे अधिक. येथे प्राणास भय नाही, परंतु दंतवैद्याकडून जखम धुवून औषधी पट्टी भरून घ्यावी लागते.

७. हनुमोक्ष व हनुभग्न

मोठी जांभई अथवा उलटी यांनंतर तोंड उघडेच राहिले, रुग्णास बोलता येईना, लाळ गळू लागली, तर हनुमोक्ष समजावा. सुश्रुताने यात स्वेदनपूर्वक संधी जागी बसवून पंचांगी बंध सांगितला आहे. आजही तत्त्व तेच आहे : अंगठ्यांस कापड गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवून जबडा प्रथम खाली व मग मागे नेणे. तथापि ज्याने हे कर्म गुरूजवळ केलेले आहे त्यानेच करावे. मार लागल्याचा इतिहास असल्यास क्ष-किरणाशिवाय हात लावू नये. दात एकमेकांवर नीट न बसणे, खालचा ओठ बधिर होणे, जिभेखाली रक्त साकळणे ही अस्थिभग्नाची चिन्हे होत.

८. दाताचे वाटणारे, पण दाताचे नसलेले दुखणे

चालताना वा काम करताना खालच्या जबड्यात, विशेषतः डाव्या बाजूस, दुखणे येते, विश्रांतीने थांबते, सोबत घाम, धाप अथवा छातीत जडपणा असतो, आणि तोंडात दुखणारा दात मात्र सापडत नाही. असा रुग्ण हृद्रोगाचा समजून तत्काळ हृदयालेख काढावा. मधुमेही व स्त्रीरुग्णांत छातीत कळ नसतानाही असे होऊ शकते. दात घासताना वा वारा लागताच विजेसारखी क्षणिक कळ येणे हे ‘अनंतवाता’शी साम्य असणाऱ्या चेहऱ्याच्या नाडीशूलाचे लक्षण होय. असे रुग्ण एकामागून एक निरोगी दात काढून घेतात. त्यांस रोखणे हीसुद्धा चिकित्साच आहे. तसेच दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा, तपासणीस पाठविल्यावाचून राहू नये.

९. औषधी-विक्रेत्यांसाठी

दुकानात निर्जंतुक गॉज, सलाइनच्या लहान बाटल्या व झाकणाची स्वच्छ डबी नेहमी ठेवावी. दाताच्या गोळीसाठी तोच ग्राहक तिसऱ्यांदा आला तर गोळी देण्याआधी सूज व साखर यांची चौकशी करावी. निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल हाच घटक असतो. ग्राहक त्या एकत्र घेत नाही ना, ते पाहावे. जठरव्रण, मूत्रपिंडविकार, दमा व गर्भावस्था यांत डायक्लोफिनॅक व तत्सम औषधे धोक्याची ठरतात. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक देणे कायद्याने निषिद्ध आहेच. शिवाय दोन दिवसांच्या अर्धवट मात्रेने विद्रधी दबतो, बरा होत नाही.

१०. आपली मर्यादा व संदर्भचिठ्ठी

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत दंतवैद्यांपुरता राखला. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या नोव्हेंबर २०२० मधील अधिसूचनेत शल्य व शालाक्य पदव्युत्तरांच्या प्रशिक्षणातील ५८ कर्मांची यादी आली व तीत शिथिल दंताच्या निर्हरणाचाही समावेश झाला. परंतु ती त्या शाखांच्या पदव्युत्तरांसाठी आहे. सर्व पदवीधरांस सरसकट दिलेली मुभा नव्हे. वरच्या जबड्यातील घट्ट दात उपटल्याने होणाऱ्या अतिरक्तस्रावाविषयी सुश्रुतानेही इशारा दिलेला आहे, हे ध्यानी ठेवावे.

रुग्ण पाठविताना चिठ्ठीत घटनेची नेमकी वेळ, दिलेली औषधे व मात्रा, रक्तशर्करा, रक्तदाब, चालू औषधे व अ‍ॅलर्जी एवढे लिहावे. चार ओळींची ही चिठ्ठी पुढील वैद्याचा बराच वेळ वाचविते आणि आपल्या शास्त्राविषयी आदरही निर्माण करते.

सारांश

निखळलेला कायमचा दात दुधात. गालावरील सुजेस बाहेरून शेक नाही. शोथ दिसताच साखर तपासणे. दात काढल्यावर चोवीस तास गंडूष नाही. श्वास वा गिळण्यास त्रास म्हणजे रुग्णालय. ही पाच सूत्रे चिकित्सालयाच्या व दुकानाच्या भिंतीवर लावण्याजोगी आहेत.

स्वाध्याय

(१) नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात वीस मिनिटांपूर्वी निखळला असून तो रुमालात आणला आहे. पहिल्या पाच मिनिटांत आपण काय कराल?
(२) खालच्या दाढेच्या शोथात कोणती चिन्हे दिसताच रुग्ण दंतवैद्याकडे न पाठविता थेट रुग्णालयात पाठवाल?
(३) दंतमूलगत व दंतगत रोगांपैकी कोणत्या रोगांच्या आत्ययिक अवस्था आपण गेल्या वर्षभरात पाहिल्या? त्यांत बाह्य स्वेदन कितीदा दिले, हे आपल्या नोंदवहीवरून तपासावे.